बेसमेंटमधली सुटकेची खिडकी

न्यू जर्सी, इलिनॉय, मिशिगन अशा थंडीच्या राज्यांतल्या मराठी घरी आई-बाबा सहा महिन्यांसाठी यायचे ठरले की एक बेत हमखास निघतो. बेसमेंट नुसतं पडलंय, तिथे एक खोली काढून घेऊ. ड्रायवॉल, कार्पेट, जमलं तर छोटं बाथरूम. पण झोपायच्या खोलीतून थेट बाहेर पडायची वाट नसेल, तर तिथला बिल्डिंग कोड तिला बेडरूम मानत नाही. याला कारण आहे. फर्नेस, वॉटर हीटर बहुधा बेसमेंटमध्येच असतात. तिथे आग लागली की धूर जिन्यानेच वर चढतो आणि माणसाची एकुलती वाट बंद होते. म्हणून ईग्रेस विंडो हवी. आतल्या माणसाला तिच्यातून बाहेर पडता यावं, आणि पाठीवर हवेचं नळकांडं घेतलेल्या अग्निशामकाला आत शिरता यावं, एवढी ती मोठी असते.

ती केवढी असावी, इथेच बहुतेकांची गफलत होते. बहुतेक राज्यांचे नियम ज्या नमुना-संहितेवर बेतलेले आहेत, त्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडनुसार खिडकी पूर्ण उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट लागते. जमिनीलगतच्या खिडकीला ५ चौरस फूट चालतात. शिवाय मोकळी रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच आणि खालची कड फरशीपासून ४४ इंचांहून वर नको. हे वाचून कोणी २० बाय २४ ची खिडकी बसवली तर तपासणीत ती नापास होते, कारण तिचं क्षेत्रफळ जेमतेम सव्वातीन चौरस फूट भरतं. रुंदी २० इंचच ठेवायची तर ५.७ साठी उंची ४१ इंचांच्या वर न्यावी लागते. त्यात मोजायची ती मोकळी जागा, चौकट किंवा काच नव्हे. सरकत्या खिडकीची निम्मी बाजू कायम बंद राहते, म्हणून बेसमेंटला बहुधा बिजागरीवर दारासारखी उघडणारी केसमेंट खिडकी घेतात. नियमांत गावागावाप्रमाणे फरक असतो, तेव्हा खरेदीच्या आधी आपल्या टाउनशिपच्या बांधकाम खात्यात विचारून घ्यावं.

खिडकी दुकानात मिळते. पैसे लागतात ते भोकाला आणि खड्ड्याला. पायाची भिंत काँक्रीट ओतलेली आहे की ब्लॉकची, वरच्या मजल्याच्या जॉइस्ट्स, म्हणजे आडव्या तुळया, त्या भिंतीवर टेकल्यात की तिला समांतर जातात, यावर भोकाच्या वर भार पेलणारं लिंटेल किती भक्कम हवं ते ठरतं. जुनी छोटी खिडकी आहे तिथेच, तेवढ्याच रुंदीत खाली कापत गेलं तर काम पुष्कळदा सोपं होतं. नवी जागा निवडली किंवा रुंदी वाढवली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही मागितली जाऊ शकते. त्याची फी वाचवण्याच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घराचं वजन त्याच भिंतीवर आहे.

बाहेर खिडकीसमोर खड्डा घेऊन त्याला पत्र्याची किंवा प्लास्टिकची भिंत लावतात. हा विंडो वेल. तो किमान ९ चौरस फुटांचा, आणि भिंतीपासून ३६ इंच पुढे व ३६ इंच रुंद असावा लागतो. वेलची खोली ४४ इंचांहून जास्त असेल तर कायमची शिडी किंवा पायऱ्या हव्यात. नियमाला शिडी पुरते, पण सत्तरीतल्या आईचे गुडघे ध्यानात घेऊन पायऱ्यांचा वेल घ्यावा. थोडा महाग पडतो. केसमेंटची झडप त्या वेलमध्ये पूर्ण उघडते का, हेही आधीच पाहावं.

आता कॉन्ट्रॅक्टर. दोन-तीन जणांना घरी बोलवावं आणि कोण काय विचारतो त्याकडे लक्ष द्यावं. पहिल्याच भेटीत वेलमधलं पावसाचं पाणी कुठे सोडणार हे जो स्वतःहून काढतो, तो कामाचा. वेलच्या तळाशी खडी आणि तिथून पायाच्या ड्रेनला किंवा पाणी उपसणाऱ्या संप पंपाला जोडलेला पाइप नसेल, तर पहिल्या मुसळधार पावसात वेलचा हौद होतो आणि नवं कार्पेट भिजतं. जो भाव सांगून लगेच तारीख मागतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा. ‘परमिट कशाला, उगाच टॅक्स वाढतो’ म्हणणाऱ्यालाही तोच न्याय. परमिट कॉन्ट्रॅक्टरच्याच नावावर काढलेलं बरं, म्हणजे इन्स्पेक्टरला उत्तर त्याने द्यायचं. लायसन्स किंवा नोंदणी सरकारी संकेतस्थळावर तपासावी. लायबिलिटीचा आणि कामगारांच्या भरपाईचा असे दोन्ही विमे आहेत ना, याचा दाखला विमा कंपनीकडूनच मागवावा.

न्यू जर्सीत ५०० डॉलरवरच्या अशा घरकामाचा करार लेखीच लागतो. राज्य कुठलंही असो, करारात खिडकीचं मॉडेल, मोकळ्या जागेचं माप, लिंटेल, पाण्याचा निचरा, निघालेली माती आणि काँक्रीट कोण उचलणार, हे सगळं लिहून घ्यावं. मातीचा ढीग अंगणात सोडून जाणारे असतात. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता अंतिम तपासणी पास झाल्यावरच. त्या वेळी लीन वेव्हर मागावा. कॉन्ट्रॅक्टरने खिडकीवाल्याचे पैसे बुडवले तर तो विक्रेता तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो. त्याचा हक्क सोडल्याचा हा कागद.

खोदण्याआधी ८११ ला फोन व्हायलाच हवा. जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइन कुठून जातात ते फुकट रंगाने आखून देतात, पण त्याला काही दिवस लागतात. काँक्रीट हिऱ्याच्या करवतीने, पाणी मारत कापतात. पाणी असूनही चिखल आणि बारीक धूळ होतेच, आणि सिलिकाची ती धूळ फुप्फुसाला वाईट. त्या दिवशी बेसमेंट प्लास्टिकने बंद करून घ्यावं, फर्नेसही बंद ठेवावी.

वेलवर झाकण घ्यायचं तर ते आतून, किल्ली किंवा हत्यार न वापरता उघडलं पाहिजे. हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना त्या झाकणावरचाही काढावा लागतो, आणि आई-बाबा आले की पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून खिडकी एकदा उघडून घ्यावी.