बर्नार्ड रिमलँड
बर्नार्ड रिमलँड (१५ नोव्हेंबर १९२८ – २१ नोव्हेंबर २००६) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. स्वमग्नता (ऑटिझम) हा आईच्या वागणुकीचा परिणाम नसून तिचे मूळ जैविक आहे, हे मत त्यांनी १९६४ मध्ये सविस्तर मांडले.

रिमलँड सॅन दिएगो येथे अमेरिकी नौदलासाठी संशोधन करीत. बालमानसशास्त्र हा त्यांचा विषय नव्हता. १९५६ मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा मार्क तान्हेपणी अखंड रडे आणि कुशीत घेतलेले त्यास सोसत नसे. पत्नी ग्लोरिया यांना महाविद्यालयात वाचलेले असेच वर्णन आठवले, आणि त्या जुन्या पाठ्यपुस्तकातूनच उभयतांस या अवस्थेचे नाव कळले.

मायेचा ओलावा नसलेल्या आईमुळे मूल स्वतःच्या कोशात जाते, असे त्या काळी बहुतेक तज्ज्ञ मानीत. ('स्वमग्नता' या मराठी संज्ञेतही मूल आपणहून आत वळते, अशी छटा आहे.) या मताचा भार आयांवर पडे. रिमलँड यांनी उपलब्ध लेखन धुंडाळून 'इन्फन्टाइल ऑटिझम' हा ग्रंथ लिहिला. त्याच आईची इतर मुले बहुधा सर्वसामान्य असतात. लक्षणे पुष्कळदा जन्मापासूनच दिसतात. मुलींपेक्षा मुलगे तीन ते चार पट अधिक आढळतात. एकसारख्या जुळ्यांत दोघेही स्वमग्न असल्याच्या नोंदी आहेत. आईला दोष देऊन यांपैकी कशाचाच उलगडा होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९४३ मध्ये या अवस्थेचे प्रथम वर्णन करणारे लिओ कॅनर यांनीच ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. ग्रंथाच्या अखेरीस पालकांसाठी एक प्रश्नावली होती. ती भरून पाठवणाऱ्या पालकांमुळे रिमलँड यांच्याकडे मोठा माहितीसंग्रह जमला.

मेंदूच्या स्तंभातील जालिकामय रचनेत बिघाड असावा, ही त्यांची स्वतःची उपपत्ती मात्र टिकली नाही. जैविक कारणाचा मूळ मुद्दा टिकला. १९७७ मध्ये सुसान फोलस्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. ११ एकबीज जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघेही स्वमग्न होते, तर १० द्विबीज जोड्यांत असे एकही उदाहरण नव्हते.

१९६५ मध्ये अमेरिकेतील पालकांची राष्ट्रीय संघटना व १९६७ मध्ये 'ऑटिझम रिसर्च इन्स्टिट्यूट' स्थापन करण्यात रिमलँड यांचा पुढाकार होता. उत्तरायुष्यात त्यांनी ब-६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांचा पुरस्कार केला आणि लशींतील पाऱ्याला दोष दिला. जीवनसत्त्वाच्या उपयोगाला भक्कम पुरावा मिळाला नाही. लशींशी संबंध तर मोठ्या लोकसंख्येवरील अनेक अभ्यासांत आढळलाच नाही. आयांवरील आरोप पुराव्याच्या कसोटीवर खोडून काढणाऱ्या संशोधकाने ही कसोटी येथे सैल केली, हा त्यांच्यावरील आक्षेप रास्त आहे.