संगणकाच्या दारांतील अनोळखी नांवें

संगणक सुरू केला कीं पडदा उजळतो व आपण कामास लागतों. परंतु आपण कांहीं न सांगतांही त्या वेळीं कित्येक प्रोग्रॅम आपोआप सुरू झालेले असतात, हें थोड्यांसच ठाऊक असतें. विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा व त्यांतील ‘स्टार्टअप अॅप्स’ हें सदर पाहावें. तेथें त्यांची यादी दिसेल. तींतील अनोळखी नांवें पाहून कोणी घाबरतो, तर कोणी दिसेल तें पुसावयास निघतो. दोन्ही मार्ग चुकीचे होत.

मात्र भय अगदींच निराधार नाहीं. कांहीं घातक प्रोग्रॅम दाबलेली प्रत्येक कळ टिपून दूरच्या चोरास कळवितात. आणि संगणक बंद करून पुन्हां लावला तरी आपलें काम चालू राहावें, म्हणून ते अशा यादींत शिरतात. उंब्रजसारख्या गांवींही आतां बँकेचा व्यवहार व शिष्यवृत्तीचा अर्ज घरच्या संगणकावर होतो. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकव्यवस्थेंत ऑगस्ट २०१८ मध्यें घातक प्रोग्रॅम शिरवून चोरट्यांनीं ९४ कोटींहून अधिक रुपये लांबविले. बँकेची ही गत, तर घरच्यांनीं सावध राहावें हें उघड आहे.

पूर्वीं गांवांत परका मनुष्य उतरला म्हणजे चावडीवर विचारीत: नांव काय? राहणें कोठें? ओळख कोणाची? हेच तीन प्रश्न येथें उपयोगी पडतात.

पहिला नांवाचा. अनोळखी म्हणजे वाईट नव्हे. ‘रिअलटेक’ हें नांव विचित्र वाटतें, पण बहुधा तें ध्वनीची व्यवस्था पाहणारें असतें. उलट, लबाड प्रोग्रॅम ओळखीच्या नांवाचें सोंग घेतो. ‘एस-व्ही-सी-होस्ट’ हें विंडोजचें खरें नांव. दोन अक्षरें उलटीं केलीं कीं ‘एस-सी-व्ही-होस्ट’ हा तोतया तयार!

दुसरा ठिकाणाचा. नांवावर माउसची उजवी कळ दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडावें. विंडोजची म्हणविणारी फाइल ‘टेम्प’ किंवा ‘डाउनलोड्स’ या फोल्डरांत सांपडली, तर संशय रास्त होय.

तिसरा ओळखीचा. फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्यें ‘डिजिटल सिग्नेचर्स’ पाहावें. ही निर्मात्याची मोहोर समजावी. ती नाहीं एवढ्यावरून प्रोग्रॅम दोषी ठरत नाहीं. पण जो मोठ्या कंपनीचें नांव सांगतो आणि मोहोर दाखवीत नाहीं, त्याची अधिक चौकशी करावी.

संशय राहिल्यास फाइल पुसूं नये, ‘डिसेबल’ करावें. चूक झाली तर तें पुन्हां चालू करतां येतें. मग व्हायरसविरोधी प्रोग्रॅमनें संपूर्ण तपासणी करावी. भारत सरकारनें २०१७ मध्यें सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राकडून शुद्धीकरणाचीं साधनें विनामूल्य मिळतात. पालकहो, पैसे गेल्याचें कळतांच १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावें. आणि विद्यार्थ्यांनो, शाळेच्या संगणकांत संशयास्पद कांहीं दिसलें, तर स्वतः हात न लावतां शिक्षकांस सांगा.

पारखल्याशिवाय कोणास चोर म्हणूं नये आणि पारखल्याशिवाय किल्ल्याही देऊं नयेत. संगणकाच्या बाबतींतही हाच नियम होय.