संथ आणि मंद

कोल्हापुरास पंचगंगेच्या घाटावर हिवाळ्यांतील एखाद्या सकाळीं उभें राहिलें म्हणजे नदी चालली आहे कीं थांबली आहे, हें चटकन् कळत नाहीं. वाहत आलेलें एखादें पान पुढें सरकतांना दिसतें, तेव्हां कोठें गतीची खूण पटते. या स्थितीस मराठींत ‘संथ’ असा नेमका शब्द आहे. अलीकडे मात्र त्याचा उपयोग ‘रेंगाळणारा’ एवढ्याच अर्थानें होऊं लागला आहे. रस्त्याचें काम रखडलें कीं तें ‘संथ गतीनें’ चाललें आहे असें छापून येतें. वर्गांतील मुलगा मागें पडला कीं तो ‘संथ’ ठरतो. यांत शब्दाचा अर्धा अर्थ वायां जातो.

हळू, सावकाश, मंद आणि संथ हे शब्द एकमेकांचे शेजारी खरे. पण एका घरचे नव्हेत. ‘हळू’ केवळ वेग सांगतो. ‘सावकाश’ म्हणजे अवकाशासह, सवड ठेवून केलेलें. ‘मंद’ या शब्दांत जोर उणा असल्याचा भाव आहे: दिवा मंद होतो, भूक मंदावते. ‘संथ’ हा शब्द मात्र गतीचें मोजमाप न सांगतां तिची जात सांगतो. शब्दाची पारख करावयाची तर त्याचा विरुद्धार्थी शब्द शोधावा. मंदाच्या विरुद्ध तीव्र किंवा जलद. संथाच्या विरुद्ध खवळलेला, खळाळता. म्हणजे संथपणांत उणीव आहे ती खळबळीची. म्हणूनच दिवा मंद असतो, संथ कधीं नसतो.

पंचगंगेचाच दाखला घ्यावा. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्या सह्याद्रीच्या कुशींतून येतात. पांचवी सरस्वती गुप्त मानतात. डोंगराकडे उतार मोठा, पात्र खडकाळ आणि पाणी उथळ; म्हणून प्रवाहाचा आवाज दुरून ऐकूं येतो. प्रयाग चिखलीच्या संगमाखालीं उतार कमी होतो, पाणी खोल होतें आणि नदी अबोल होते. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण ज्यानें प्रथम योजिली, त्यानें हा फरक डोळ्यांनीं पाहिला असला पाहिजे. या म्हणीची न उच्चारलेली दुसरी बाजू म्हणजेच ‘संथ’.

हीच पंचगंगा पुढें नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. त्या कृष्णेचें संथपण ग. दि. माडगूळकरांच्या गीतानें आणि कोल्हापुरांत जन्मलेल्या सुधीर फडके यांच्या स्वरानें घरोघरीं पोंचविलें. ‘संथ वाहते कृष्णामाई’ या नांवाचा चित्रपट १९६७ सालचा. त्या नांवांत ‘संथ’ काढून ‘हळू’ घालून पाहावें. नदीचा वेग तेवढा कळेल. काठावरील सुखदुःखांनीं न ढवळणारें तिचें मन कळणार नाहीं.

तथापि संथ म्हणजे निरुपद्रवी, असेंही समजूं नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत कोल्हापूरच्या सखल वस्त्यांत व शिरोळ तालुक्यांतील गांवांत पाणी शिरलें आणि कित्येक दिवस राहिलें. गल्लींत पसरणाऱ्या अशा पाण्याला लाट नसते, आवाज नसतो. तें संथपणें एकेक पायरी चढतें. त्यास मंद समजणारा मनुष्य घर सोडण्यास उशीर करतो.

तेव्हां रखडलेल्या कामास रखडलेलें म्हणावें. त्यासाठीं हा शब्द खर्चूं नये. जाणत्या गवयाची आलापी, अनुभवी वक्त्याचें बोलणें, यांसाठीं तो राखावा. आणि वर्गांतील मुलास ‘संथ’ म्हणण्यापूर्वीं शिक्षकानें क्षणभर थांबावें. तो मुलगा खरोखर मागें पडला आहे, कीं खळखळाट न करतां खोल जात आहे, हें आधीं पाहावें.