शेवटचे सहा आठवडे

रविवारी रात्री भाचीचा जर्मनीतल्या आखेनहून फोन आला. शुक्रवारी प्रबंध जमा करायचा, मंगळवारी विमान. मधल्या शनिवारी गोदामात रात्रपाळी, तीही आधीच कबूल केलेली. बोलता बोलता ती म्हणाली, "मावशी, डोम आतून कसा आहे गं? माझं बघायचं राहूनच गेलं."

डोम म्हणजे आखेनचं कॅथेड्रल, तिच्या खोलीपासून पायी दहा मिनिटांवर. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनने उभारलेलं अष्टकोनी प्रार्थनाघर हा त्याचा गाभा. पुढे सुमारे सहाशे वर्षं जर्मन राजांचे राज्याभिषेक तिथे झाले. युनेस्कोने १९७८ साली जागतिक वारशाची पहिली यादी केली, तीत अवघी बारा ठिकाणं होती, त्यांतलं हे एक. दोन वर्षं पोरगी त्याच्या भिंतीला लागून बस पकडायला धावत होती आणि तिला आत जाऊन पाच मिनिटं बसता आलं नाही. फोन ठेवला आणि माझी झोप उडाली. मी त्याच गावात शिकले, २००७ ते २००९.

मराठी माणसाचं जर्मनीत शिकणं काही आजचं नाही. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. पुढे युद्ध झालं, मग देशाची फाळणी, त्यांची आणि आपलीही. १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या मदतीने मद्रासला आयआयटी निघाली, काही इंजिनियर तिकडे जाऊन आले. नव्वदीपर्यंतच्या त्या वर्षांत जाणारे थोडे आणि त्यांच्या गोष्टीही एकाच वळणाच्या: बर्फ, बटाटे आणि शिस्त. त्यांवर मी वेळ घालवत नाही.

मला माहीत आहे ते २००७ ते २०१७ हे दशक. पहिली दोन वर्षं मी तिथे होते. उरलेली आठ पुण्यात जर्मन शिकवत मुलांना धाडत होते आणि परतलेल्यांच्या तोंडून ऐकत होते. पैशाची चणचण तेव्हाही होतीच. आमच्या राज्यात, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये, नेमकी त्याच सुमारास सत्राला पाचशे युरो फी सुरू झाली होती. ती २०११ मध्ये रद्द झाली, पण मी प्रत्येक सत्राला भरली. वर्षाला नव्वद पूर्ण दिवस काम करायची मुभा होती. २००८ च्या मंदीने आमच्या बॅचच्या नोकऱ्या डोळ्यांदेखत गेल्या. तरीही प्रबंध जमा केल्यावर हाती सहा आठवडे होते, आणि ते गाव मला कळलं ते त्या सहा आठवड्यांतच.

त्याआधीची दोन वर्षं मी गाव पाहिलं होतं ते ग्रंथालयाच्या खिडकीतून. शेवटच्या आठवड्यांत पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता चालले. एलिझेनब्रुनेनपाशी गरम पाण्याचे झरे आहेत, गंधकाचे. सडक्या अंड्यांसारखा वास येतो. तिथे एक म्हातारी रोज सकाळी त्या पाण्यात हात शेकत बसायची. दोन वर्षं आम्ही एकमेकींना नुसता नमस्कार केला होता. त्या दिवसांत तिने मला शेजारी बसवून घेतलं आणि युद्धानंतर ढिगाऱ्यातून विटा वेचल्याचं सांगितलं. विटेवरचा चुना हातोडीने कसा काढायचा, ते तिने हवेत हात चालवून दाखवलं. चार सत्रांच्या वर्गांत मला न कळलेलं जर्मन मला त्या अर्ध्या तासात कळलं. एका दुपारी आम्ही चौघं फाल्सच्या टेकडीवर चढलो. जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स जिथे मिळतात तिथे एक दगड आहे, त्याभोवती फेरी मारली. उंची जेमतेम ३२२ मीटर, पण नेदरलँड्सच्या मुख्य भूमीवर त्याहून उंच काही नाही.

निरोप घ्यायची तिथली रीतही मला तेव्हा कळली. आपल्याकडे जाणाऱ्याला आपण जेवू घालतो. तिथे जाणाऱ्यानेच केक आणायचा. मी रव्याचे लाडू नेले. वर्कशॉपमधला आमचा मिस्त्री मोजकं बोलणारा माणूस. दोन वर्षांत त्याने मला "सकाळ झाली" आणि "चष्मा घाला" याखेरीज काही सांगितलं नव्हतं. त्याने एक लाडू खाल्ला, दुसरा रुमालात बांधून बायकोसाठी घेतला आणि माझ्या हातात एक पितळी लोलक ठेवला. लेथवर त्याने तो स्वतः काढला होता. आजही तो माझ्या टेबलावर आहे.

आणि कुकर. आमच्या मजल्यावर एक तीन लिटरचा कुकर होता. तो कोणी आणला हे कोणालाच माहीत नव्हतं. जाणाऱ्याने येणाऱ्याला तो द्यायचा, आणि पुण्याहून येणाऱ्याने रबर आणायचं, एवढाच नियम. माझ्यानंतर तो साताऱ्याच्या एका मुलाकडे गेला. कुकरसोबत मी कोणत्या दुकानात तूरडाळ मिळते, कोणता बाबू रागावतो पण काम करतो आणि आजारी पडल्यास कोणाचं दार वाजवायचं, हे सगळं एका वहीत लिहून दिलं. २०१६ पर्यंत ती वही भरत गेल्याचं मला मुलं सांगत होती. मग ती कुठे गेली ते कोणालाच सांगता आलं नाही. आता येणाऱ्याला पाच हजार जणांचा ग्रुप आहे, पण दार वाजवायला शेजारचा माणूस नाही.

त्या दिवसांचा एक हिशोब मात्र मनात अजून राहिला आहे. भिंतीवर कालनिर्णय टांगायला मी एक खिळा मारला होता. निघताना पांढरी लांबी आणून ते भोक बुजवलं, घासलं, वरून रंग दिला. घरमालकाने बोट फिरवून पाहिलं आणि अनामतीतून दोनशे ऐंशी युरो कापले. भाडेकरूने बेताने खिळे मारणं हा घराच्या रोजच्या वापराचाच भाग आहे, असं तिथल्या न्यायालयांनी कधीच ठरवून टाकलेलं होतं. मला ते माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं. परतायला चार दिवस उरलेली परदेशी मुलगी कोर्टात जाणार नाही, हेही त्याला माहीत होतं. दुसरा हिशोब इकडचा. आल्यावर "परत का आलीस?" असं हळहळून विचारणाऱ्या नातेवाइकांना मला एवढंच सांगायचं आहे: मी शिकायला गेले होते, शिकून आले. त्यात अपयश कुठेच नव्हतं.

पुढे काळ बदलला आणि काही गोष्टी सोप्या झाल्या, हे मान्य करायलाच हवं. २०१२ पासून शिक्षणानंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळू लागले. काम करायची मर्यादा वाढत आता १४० पूर्ण दिवसांवर आली आहे. पण खर्चाचा काटा त्याहून वेगाने फिरला. माझ्या वेळी साठ-सत्तर रुपयांचा युरो आता शंभरीपार गेला. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात अडकवून दाखवावे लागतात. बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांना सत्राला १,५०० युरो लावले, म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४ पासून त्याहून कितीतरी जास्त. २०२३-२४ मध्ये जर्मनीत ४९ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते. चिनी मुलांनाही आपण मागे टाकलं आहे. या आकड्याचा अभिमान वाटून घेणाऱ्यांनी त्यातली किती मुलं कर्जाच्या हप्त्यावर झोपतात आणि उठतात तेही विचारावं. सल्ला केंद्रं प्रवेशापर्यंत हात धरतात. निघायचं कसं, हे त्यांच्या माहितीपत्रकात नसतं.

म्हणून शेवटचे आठवडे आता असे जातात: घर सोडायची नोटीस तीन महिने आधी द्यायची, तीही महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत; ती एक दिवस चुकली की आणखी एका महिन्याचं भाडं. विद्यापीठातून नाव काढायचं. नगर कार्यालयात गाव सोडल्याची नोंद करायची, ती आठवडाभराहून आधी होत नाही, आणि त्या कागदावाचून विमा, फोन, दरमहा १८.३६ युरोंची प्रसारण वर्गणी यांतलं बरंच काही बंद करायचं अडून राहतं. हे सगळं प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाबरोबर आणि रात्रपाळ्यांबरोबर. भाचीने मंगळवारचं तिकीट काढलं, कारण बुधवारी नवा महिना लागत होता. पुण्यातल्या ऑफिसने रुजू व्हायला सोमवार दिला होता.

मी तिच्या आईशी, म्हणजे ताईशी बोलले. भाचीला थोडं थांबता यावं म्हणून एका महिन्याचं भाडं आम्ही दोघी मिळून भरतो आहोत. ऑफिसने तीन आठवडे दिले. भाचीने मागितले नव्हते म्हणूनच आधी मिळाले नव्हते.

ज्यांची मुलं या मोसमात तिथून निघणार आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. परतीचं तिकीट प्रबंधानंतर किमान तीन आठवड्यांनी काढा. घर सोडायची नोटीस त्या तारखेच्या हिशोबाने आत्ताच द्यायला सांगा. अनामत परत घेताना भिंतींचे फोटो काढून ठेवायला सांगा. आणि या आठवड्याच्या फोनवर नोकरीचं विचारण्याआधी, गावात काय काय पाहायचं राहिलं आहे, ते विचारा.