गिऱ्हाईक हिरो, आपण बीडल!



या आठवड्याचा व्हिडिओ आपण कर्नाळ्याला, हायवेच्या कडेला शूट केला. माझं अर्धं बोलणं गाड्यांच्या आवाजात गेलं, म्हणून तोच विषय इथे नीट लिहून देतो.

विषय निघाला एका प्रश्नावरून. आमच्या पनवेलच्या बॅचला एक ताई होत्या. कर्नाळ्याच्या रस्त्यावर त्यांची टपरी. चहा, कांदाभजी, पावसाळ्यात भाजलेली कणसं. त्या म्हणाल्या, "सर, गिऱ्हाईक येतं, खातं, 'मस्त' म्हणतं आणि जातं. पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक दुसऱ्या टपरीवर बसलेलं दिसतं. भाव तोच, भांडण नाही. त्याला मी आठवतच नाही. असंच चाललं तर दिवाळीनंतर बंद करायचं, असं घरात ठरतंय."

मला याचं उत्तर सापडलं ते भाच्याच्या व्हिडिओ गेममध्ये. हसू नका, पुढे वाचा.

बीडल कोण?

निन्टेंडो या जपानी कंपनीची 'द लेजंड ऑफ झेल्डा' नावाची गेमची मालिका आहे. १९८६ साली सुरू झाली, अजून चालू आहे. हिरोचं नाव लिंक. जग वाचवायचं काम त्याच्याकडे. पण मला आवडला तो बीडल. हा फिरता दुकानदार. तो राक्षस मारत नाही, राजकन्येला सोडवत नाही. बाण विकतो, बॉम्ब विकतो. आणि गंमत म्हणजे या खेळातल्या चलनाचं नावच 'रुपी' आहे!

२००२ च्या 'विंड वेकर'मध्ये तो पहिल्यांदा आला. त्या गोष्टीत सगळीकडे समुद्र, म्हणून दुकान होडीवर. २००९ च्या 'स्पिरिट ट्रॅक्स'मध्ये दुकान फुग्याला टांगलेलं. २०११ च्या 'स्कायवर्ड स्वोर्ड'मध्ये हिरो आकाशात उडतो, तर याचं दुकानही आकाशात, आणि ते तरंगत ठेवायला हा बिचारा स्वतः पायडल मारतो. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये हिरो पायी आणि घोड्यावर फिरतो, तर बीडल पाठीवर भुंगेऱ्यासारखी भलीमोठी सॅक घेऊन घोड्यांच्या तबेल्यांपाशी उभा. २०२३ च्या 'टिअर्स ऑफ द किंगडम'मध्येही तिथेच.

वीसेक वर्षांत गोष्टी बदलल्या, काळ बदलला. पण बीडल दिसला की खेळणारा म्हणतो, "अरे, हा आला!" 

अशी छोटी पात्रं इतर खेळांतही असतात. २००५ च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४'मधल्या हत्यारं विकणाऱ्या माणसाला तर नावही नाही. तरी २०२३ मध्ये तो खेळ नव्याने बनवला तेव्हा हा माणूस त्यात हवाच होता. कारण सोपं आहे. अनोळखी, भीतीच्या जागी एक ओळखीचा चेहरा दिसला की खेळणाऱ्याला हायसं वाटतं.

आपली चूक इथेच होते

आपण धंद्यात स्वतःला हिरो समजतो. "आमची परंपरा, आमची चव, आम्हीच नंबर वन." पण गोष्ट गिऱ्हाइकाची असते. तो मुंबईहून गावाला निघालाय, पोरांना पक्षी दाखवायला आणलंय, नाहीतर कर्नाळा किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका जवळून बघायला निघालाय. त्याच्या त्या दिवसात आपण दहा मिनिटांचं पात्र आहोत. यात कमीपणा काही नाही. फक्त ते पात्र पुन्हा पुन्हा दिसलं पाहिजे आणि ओळखू आलं पाहिजे.

बीडलकडून घ्यायच्या चार गोष्टी सांगतो.

१. खूण एकच ठेवा, ती बदलू नका. बीडलचं वाहन बदललं, चेहरा आणि तोंडभरून "थँक्यू" म्हणायची ढब नाही बदलली. ताईंच्या टपरीवर दर सीझनला नवा बॅनर लागायचा. एकदा शीतपेयवाल्यांचा, एकदा मोबाइल कंपनीचा. फुकट मिळतो म्हणून लावला. मग ताशी साठ-सत्तरने जाणाऱ्या माणसाने ओळखायचं कशावरून? आता एकच मोठी पिवळी छत्री आहे. उन्हाळा असो, पावसाळा असो, पिवळीच.

२. गिऱ्हाईक जिथे थांबतं तिथे उभे राहा. बीडल हिरोच्या मागे धावत नाही. हिरो जिथे दम खातो तिथे तो आधीच असतो. पनवेलपासून कर्नाळा बारा किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून निघालेल्याला एवढ्यात भूक लागत नाही. मग इथे थांबतं कोण? सकाळी पक्षी बघायला आलेले आणि दुपारी किल्ला उतरून दमून आलेले. ताई टपरी उघडायच्या दहाला. पक्षी बघणारे तोवर अर्धी फेरी मारून मोकळे! आता चहा सकाळी साडेसहाला उकळतो.

३. परत आलेला माणूस मोजा. 'विंड वेकर'मध्ये बीडल खरेदीवर गुण देतो. गुण साठले की तुम्ही त्याचे खास मेंबर होता आणि पत्राने कूपन येतं. सोनेरी मेंबरला काय मिळतं माहितीये? एक चिठ्ठी. ती दाखवली की बीडल तुमचं कौतुक करतो. बस! पैशाचं काही नाही, तरी पोरं त्यासाठी खरेदी करतात. ओळख दाखवणं हेसुद्धा बक्षीस असतं.

ताईंना मी वही दिली. दुसऱ्यांदा आलेल्या प्रत्येकाची एक रेघ आणि एक खूण, "बिनसाखरेचा", "लाल टेम्पो". महिन्याने वही बघितली आणि आम्ही दोघंही गप्प झालो. ताई ज्यांच्यासाठी धडपडत होत्या ते शनिवार-रविवारचे पर्यटक वहीत जवळजवळ नव्हतेच. परत येणारे होते पनवेल-पेण माल नेणारे टेम्पोवाले. खरं गिऱ्हाईक रोज समोरून जात होतं आणि आपलं लक्ष दुसरीकडे.

४. न घेणाऱ्यावर चिडू नका. इथे मात्र बीडलचं ऐकायचं नाही. 'स्कायवर्ड स्वोर्ड'मध्ये काही न घेता निघालात तर तो खाली फळी उघडतो आणि तुम्हाला थेट आकाशातून पाडतो! खेळात हसू येतं. धंद्यात येत नाही. ताईंच्या टपरीवर पाटी होती, "काही न घेता बसू नये." हीच ती फळी. अभयारण्याचं गेट विचारायला थांबलेल्या आजोबांना तुम्ही बसू दिलंत, पाणी दिलंत, तर येताना ते चहा कुठे घेतील? पाटी काढली.

आता खरं बोलू

बीडलचे बाण नासत नाहीत. त्याला गॅसचा भाव माहीत नाही, शेजारी दुसरा बीडल नाही. आणि समुद्र आला की त्याला होडी मिळते. आपला रस्ता रुंद झाला, मधे दुभाजक आला, की परतीची गाडी पलीकडून निघून जाते. तिथे छत्री कितीही पिवळी असली तरी उपयोग नाही. ताईंचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही. पलीकडच्या बाजूला सकाळपुरता थर्मास घेऊन मुलाला बसवायचं का, यावर विचार चालू आहे. जागा हातात नसेल तर वेळ बदला, वेळ जमत नसेल तर माणूस बदला. पण अडचण रस्त्याची असताना दोष चवीला देऊ नका.

परवा ताईंचा फोन आला. एका टेम्पोवाल्याने नव्या क्लीनरला सांगितलं म्हणे, "पिवळ्या छत्रीपाशी थांबव." टपरी बंद करायचा निर्णय त्यांनी दिवाळीवरून होळीवर ढकललाय. मी याला यश म्हणणार नाही. मुदत मिळाली म्हणेन. छोट्या धंद्यात मुदत मिळणं ही लहान गोष्ट नाही.

तुमचा गृहपाठ

उद्यापासून सात दिवस एक वही गल्ल्याशेजारी ठेवा. विक्री लिहू नका, ती तुम्ही लिहिताच. फक्त दुसऱ्यांदा आलेला माणूस लिहा, त्याच्या एका खुणेसकट. आठव्या दिवशी वही उघडा आणि स्वतःला विचारा: ही माणसं मला कशावरून ओळखतात? उत्तर एका शब्दात देता आलं तर तुमची पिवळी छत्री तुम्हाला सापडली. नाही आलं तर आधी तिच्यावर काम करा, जाहिरातीचं नंतर बघू.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर धंदा सांभाळा, तब्येत सांभाळा!