विश्लेषण : एक ‘स्टार वॉर्स’ फिगर चार कोटींची, दुसरी काही शे रुपयांची! किमतीत एवढा फरक का? स्वस्तात संग्रह कसा करायचा?

पावणेचार इंचांची प्लॅस्टिकची एक फिगर २०२४ मध्ये अमेरिकेतील लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरना विकली गेली. म्हणजे तेव्हाच्या दराने चार कोटी रुपयांहून अधिक! ‘स्टार वॉर्स’मधील बोबा फेट या पात्राचा हा नमुना दुकानात कधी आलाच नव्हता. याच चित्रपटमालिकेच्या, याच आकाराच्या १९९५ नंतरच्या अनेक फिगर्स मात्र आजही अमेरिकेत पाच-दहा डॉलरना, तेही न उघडलेल्या पाकिटात मिळतात. असे का होते, हे समजले तर कमी पैशांतही चांगला संग्रह उभा करता येतो.

फिगर पावणेचार इंचांचीच का?

‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. खेळण्यांचा परवाना सिनसिनाटी शहरातील केनर कंपनीकडे होता. तोवर ॲक्शन फिगर साधारण आठ किंवा बारा इंचांच्या असत. पण या चित्रपटात पात्रांइतकीच याने महत्त्वाची होती. बारा इंचांचा हान सोलो आत बसेल असे मिलेनियम फाल्कन बनवायचे, तर ते खोलीभर झाले असते. म्हणून फिगरच लहान केली.

मान, दोन खांदे आणि मांडीचे दोन सांधे, एवढे पाचच भाग हलणारे. प्लॅस्टिक कमी, सुटे भाग कमी, म्हणून किंमतही कमी. मुलांनी एक नव्हे, तर सगळी पात्रे घ्यावीत हा त्यामागचा हिशेब. स्वस्त असणे हा या फिगरचा मूळ आराखडाच होता.

चित्रपट इतका चालेल याचा अंदाज नसल्याने १९७७ च्या नाताळपर्यंत खेळणी तयार झाली नाहीत. तेव्हा केनरने चक्क रिकामे पुठ्ठ्याचे पाकीट विकले. त्यातील कूपन टपालाने पाठवले की १९७८ मध्ये ल्यूक, लेया, च्यूबाका आणि आर-टू डी-टू अशा चार फिगर्स घरी येत.

मग जुन्या फिगर्स महाग का?

कारण त्या खेळल्या गेल्या. मुलांनी पाकिटे फाडून फेकली, इवल्याशा बंदुका मातीत हरवल्या. त्यामुळे न उघडलेल्या फिगर्स फारच थोड्या उरल्या. काही मुळातच कमी ठिकाणी पोहोचल्या होत्या. १९८५ ची ‘याक फेस’ अमेरिकेतील दुकानांत विक्रीला आलीच नाही.

बोबा फेटची कथा वेगळी. त्याच्या पाठीवरून खरेच रॉकेट उडेल, अशी मूळ कल्पना होती. त्याच सुमारास दुसऱ्या कंपनीच्या खेळण्यातील क्षेपणास्त्र घशात अडकून एका मुलाचा मृत्यू झाला. केनरने रॉकेट पक्के चिकटवूनच फिगर वितरित केली. रॉकेट उडणारे मोजके नमुने तेवढे मागे राहिले.

थोडक्यात, पैसे मोजले जातात ते वयाचे नव्हे, तर टंचाईचे.

१९९५ मध्ये काय बिघडले?

या वर्षी पावणेचार इंची ‘स्टार वॉर्स’ फिगर्स पुन्हा बाजारात आल्या. तोवर जुन्या फिगर्सच्या किमतींची चर्चा सर्वदूर पोहोचली होती. मोठ्या माणसांनी त्या गुंतवणूक म्हणून घेतल्या आणि न उघडता खोक्यांत भरून ठेवल्या. हेच हजारो लोकांनी केले. सगळ्यांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ होत नाही, त्यामुळे तीस वर्षांनंतरही त्या स्वस्तच आहेत.

गुंतवणूकदारांचा तोटा हाच हौशी संग्राहकांचा फायदा ठरला. आज एखाद्या खोक्यावर ‘लिमिटेड एडिशन’ लिहिलेले दिसले, तर १९९५ आठवावे. फिगर आवडली म्हणून घ्या, पुढे भाव येईल म्हणून नको.

बजेट कमी असेल तर काय घ्यावे?

१९९५ ते २००० दरम्यानच्या फिगर्स हा पहिला पर्याय. पाकिटाबाहेरच्या, म्हणजे ‘लूज’ फिगर्स घेतल्या तर आणखी बचत होते. दुसरा पर्याय हॅस्ब्रोच्या ‘रेट्रो कलेक्शन’चा. २०१९ पासूनच्या या मालिकेत जुन्या धाटणीचे पाकीट आणि तेच पाच सांधे असतात. तिसरा पर्याय ‘सुपरसेव्हन’ कंपनीच्या ‘रिॲक्शन’ फिगर्स. ‘एलियन’ चित्रपटाच्या फिगर्स केनरने १९७९ मध्ये आखल्या, पण बाजारात आणल्या नाहीत. त्या या कंपनीने २०१३ मध्ये आणल्या. हॅस्ब्रोची सहा इंची ‘ब्लॅक सिरीज’ जास्त सांध्यांची आणि रेखीव असते, पण तिची किंमतही तशीच.

भारतात अडचण कुठे?

आयात खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. म्हणून परदेशातील किमतीचा नुसता रुपयांत गुणाकार करून चालत नाही. बाहेरून मागवताना टपालखर्च आणि शुल्क धरूनच बजेट ठरवावे. एकेक मागवण्यापेक्षा चार-पाच फिगर्स एकत्र मागवल्या तर टपालखर्च विभागला जातो.

घरचा पर्यायही आहे. एमआरएफ समूहातील फनस्कूल कंपनीने याच आकाराच्या ‘जी. आय. जो’ फिगर्स भारतात बनवल्या होत्या. त्यातील काहींचे रंग अमेरिकन फिगर्सपेक्षा वेगळे असल्याने परदेशी संग्राहकही त्या शोधतात. नव्वदच्या दशकातील खेळणी माळ्यावर पडून असतील, तर रद्दीत देण्याआधी एकदा पाहून घ्या.

फसवणूक कशी टाळाल?

जुन्या केनर फिगरच्या पायावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात वर्ष कोरलेले असते. ते कॉपीराइटचे वर्ष असते, बनवल्याचे नव्हे. त्यामुळे ‘१९७७ ची पहिली फिगर’ असे कोणी सांगितले, तरी तेवढ्यावर जादा पैसे देऊ नयेत. बंदुका आणि झग्यांच्या हुबेहूब नकला मिळतात. म्हणून शस्त्र अस्सल आहे का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे आणि पाय, पाठ व शस्त्राचे जवळून काढलेले फोटो मागवावेत.

घरी आणल्यावर थेट ऊन टाळावे, पांढरे प्लॅस्टिक उन्हाने पिवळे पडते. मऊ पीव्हीसी उष्णतेने कालांतराने चिकट होऊ शकते. पावसाळ्यात दमट हवेने पुठ्ठा वाकतो, त्यामुळे पाकिटे हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत.

सगळेच गोळा करायला गेले की बजेट कोसळते. त्यामुळे आधी एक चौकट ठरवा : फक्त रोबो, फक्त एका चित्रपटाची पात्रे किंवा फक्त पहिल्या बारा फिगर्स. मर्यादा ठरली की खर्च आवाक्यात राहतो आणि संग्रह कधीतरी पूर्णही होतो.