गंजगोलाईची पाटी आणि मांजरेचें पात्र

लातूरच्या गंजगोलाईंत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या रस्त्यांवरील दुकानांच्या पाट्या एके काळीं पेंटरच्या कुंचल्यानें रंगत. पुढें फ्लेक्सची छपाई आली, रंगाचे डबे कोपऱ्यांत गेले आणि मेजावर संगणक आला. नांदेडच्या वजिराबादेचीही हीच कथा. तेथील व्यापारी चित्रकाराचा दिवस आतां लग्नपत्रिका, शिकवणी-वर्गांच्या जाहिराती आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फलक जुळविण्यांत जातो. गिऱ्हाईक शेजारीं खुर्ची ओढून बसतें आणि नांव आणखी मोठें करावयास सांगतें. अशा माणसाला त्याच यंत्रावर निसर्गचित्र काढावेंसें वाटलें, तर त्याला काय शिकावें लागतें आणि काय विसरावें लागतें?

व्यापारी कामावर पोट भरून निसर्ग रंगविण्याची वाट कांहीं नवी नाहीं. सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेंतून १९४३ सालीं मुंबईस आले आणि एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओंत संकल्पनकाराचें काम करूं लागले. नोकरी सांभाळून ते मुंबईचे रस्ते जलरंगांत उतरवीत. १९५० सालीं ते पॅरिसला गेले. तत्पूर्वींच या स्थलचित्रांनीं त्यांना नांव मिळवून दिलें होतें.

धंदा शिकवितो तेंही थोडें नव्हे. धांवत्या मोटारींतून फलक वाचतां यावा लागतो. म्हणून अनावश्यक तें काढून टाकण्याची संवय हाताला जडते. निसर्गचित्रालाही हीच विद्या लागते. परंतु धंदा एक वाईट खोडही लावतो. फलकामागें देखावा हवा असला कीं तयार छायाचित्रांच्या भांडारांतून एखादें हिमशिखर उचलावयाचें! मे महिन्यांत, दारीं पाण्याचा टँकर उभा असतांना, फलकावरचें वधूवर बर्फाच्या डोंगरापुढें हंसत असतात.

ही खोड मोडणें सर्वांत कठीण. मराठवाड्याची भूमि आयतें सौंदर्य हातीं देत नाहीं. येथें कोंकणची नारळीची बाग नाहीं, सह्याद्रीचे कडे नाहींत. काळ्या दगडाचें पठार, त्यावर सपाट रान आणि मधूनच एखादी बाभळ. चित्राचा बराचसा भाग आकाशानेंच भरावा लागतो, आणि आकाश तर घटकेघटकेला पालटतें. २०१६ च्या एप्रिलांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्या उन्हाळ्यांतील मांजरेचें पात्र रंगवावयाचें तर भांडारांतली निळी नदी काय कामाची? तेथें जाऊनच बसावें लागतें. डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकारानें २०११ सालीं यॉर्कशायरमधील वोल्डगेटच्या रस्त्यावर वसंताचें आगमन आयपॅडवर रेखाटलें, तेंही असेंच झाडांपुढें जाऊन.

यंत्राची रीत तशी सोपी आहे. लेखणीवरचा दाब ओळखून रेषा जाड किंवा बारीक उमटते. चित्र पारदर्शक पदरांवर चढतें: एका पदरावर आकाश, दुसऱ्यावर नदी, तिसऱ्यावर कांठचीं झाडें, एक पुसला तरी बाकीचे शाबूत. प्रत्येक चूक परत घेतां येते. सोय मोठी खरी, पण घातकही तितकीच. जलरंगाचा कागद वाळला कीं प्रश्न मिटला. येथें चित्र पुरें झालें हें कोणी सांगत नाहीं, आणि खुर्ची ओढून बसणारें गिऱ्हाईकही आतां शेजारीं नसतें.

उरली छपाई. २४ बाय ३६ इंचांचें चित्र इंचाला ३०० ठिपके या हिशेबानें तयार केलें, तर पावणेआठ कोटींहून अधिक ठिपके होतात. दुरून पाहावयाच्या फलकाला इतक्या बारकाव्याची गरज नसते. हातभर अंतरावरून पाहिल्या जाणाऱ्या चित्राला असते. रंगांचा घोटाळा तर याहून मोठा. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे, तांबडा, हिरवा आणि निळा. कागदावरचे शाईचे, आकाशी, किरमिजी, पिवळा आणि काळा. पडद्यावर पोपटी दिसणारें सोयाबीनचें शेत कागदावर मलूल होतें. नवशिका येथें हताश होतो. छापखान्यांत उमेदवारी केलेला गडी होत नाहीं. नुसत्या काळ्या शाईचा काळा रंग करडा दिसतो, हें त्याला पत्रिका छापतांनाच कळलेलें असतें. म्हणून पहिल्या पावसांत भिजलेलें रान छापावयाचें असलें, कीं तो काळ्याच्या जोडीला थोडी किरमिजी आणि थोडी आकाशी शाई देतो, आणि ओली प्रत उजेडांत नेऊन पाहतो.